मुरघासाचे ठरीव मिश्रण आणि वाशिमचे गवत : मराठी कृषिविस्तार लेखनाची एक चिकित्सा

हिरवा चारा हवाबंद स्थितीत दाबून ठेवला असता जिवाणू त्यातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात व त्या आम्लामुळे चारा टिकतो, हे तत्त्व मुरघासविषयक मराठी विस्तारलेखनात बहुधा नीट मांडलेले असते. त्याचे दुबळेपण मिश्रणाच्या प्रमाणात आहे. एक टन कुट्टीस १ किलो युरिया, २ किलो गूळ, १ किलो मीठ, १ किलो खनिज मिश्रण व १ लिटर ताक ही यादी थोड्याफार फरकाने सर्वत्र पुनरुक्त होते. चारा मक्याचा की गवताचा, ओला की सुकवलेला, याची चौकशी ती करीत नाही.

मक्याच्या बाबतीत हे खपून जाते. दाणा चिकात असताना कापलेल्या मक्यात साखर पुरेशी असते व कोरडा अंशही ३० टक्क्यांच्या आसपास असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक मात्र सोयाबीन आहे. येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार कुटार, कडबा, बांधावरचे मारवेल व कुसळी आणि पाणी असेल तेथे संकरित नेपिअर. उष्ण कटिबंधातील अशी गवते आपला साठा मुख्यतः पिष्टाच्या रूपात करतात आणि त्यांत विद्राव्य साखर कमी असते. पिष्टाचा उपयोग बहुतेक लॅक्टिक जिवाणूंना करता येत नाही. ताकातून जिवाणू घातले तरी त्यांना साखर कोठून मिळणार?

यादीचा हिशोब मांडला की तिच्यातील विसंगती उघड होते. दोन किलो गुळापासून फार तर दोन किलोंच्या आतबाहेर लॅक्टिक आम्ल मिळेल. एक किलो युरियात ०.४६ किलो नत्र असते. त्याचा पूर्ण अमोनिया झाल्यास तो सुमारे तीन किलो लॅक्टिक आम्लाचे उदासिनीकरण करू शकतो. म्हणजे गूळ जे देतो, त्याहून अधिक युरिया काढून घेऊ शकतो. २० टक्के कोरडा अंश व त्यात ८ टक्के प्रथिने असलेल्या एक टन गवतात नत्र सुमारे २.५६ किलो असते. युरियाच्या पूर्ण विघटनाने केवळ त्याचाच अमोनिया एकूण नत्राच्या १५ टक्के होतो; चांगल्या मुरघासात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत अपेक्षित असते. गवतासाठी शास्त्रीय साहित्यात गूळ वा मळीची मात्रा साधारण २ ते ४ टक्के, म्हणजे टनास २० ते ४० किलो आढळते. यादीतील मात्रा तिच्या दशांशाहून अधिक नाही.

सुकवणीविषयीचा सल्लाही असाच मोघम असतो. २० टक्के कोरडा अंश ३० टक्क्यांवर न्यायचा तर १००० किलो गवताचे वजन ६६७ किलोंवर यावे लागते. हे साध्या तराजूवर पाहता येते, तरी पुस्तिका ‘थोडे सुकवावे’ एवढ्यावरच थांबतात. त्यातच गवत भरात येते ते श्रावण-भाद्रपदात, जेव्हा उघडीप मिळत नाही. आणि ऊन पडते तेव्हा मजूर सोयाबीनच्या सोंगणीत गुंतलेले असतात. उशिरा कापलेले गवत जरठ होते, नीट दाबले जात नाही, आत हवा राहते व बुरशी धरते. फिनलंडच्या व्हिर्तानेन यांनी (नोबेल, १९४५) खनिज आम्ले मिसळण्याची पद्धत काढली ती ओल्या, थंड हवामानासाठी. ऊन न मिळण्यापुरता वाशिमचा श्रावण फिनलंडला जवळचा म्हणावा लागेल.

परीक्षणाच्या निकषांतही सामू एकट्याने वापरला जातो. कोरडा अंश व सामू यांवर आधारलेल्या फ्लीग गुणांकाच्या प्रचलित सूत्रानुसार २० टक्के कोरडा अंश व ४.२ सामूचा मुरघास ७७ गुण मिळवतो, तर ३५ टक्के व ४.६ सामूचा ९१. सामू अधिक असूनही दुसरा सरस ठरतो, कारण कोरडेपणामुळे ब्युटिरिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना वाव राहत नाही.

सुकवणे अशक्य असेल तेथे जिल्ह्यात मुबलक असलेल्या कुटाराचा विचार या लेखनात क्वचितच दिसतो. १८ टक्के कोरडा अंश असलेल्या ८० किलो गवतात ९० टक्क्यांचे २० किलो कुटार मिसळल्यास मिश्रण ३२ टक्क्यांवर येते. कुटारातून साखर मिळत नाही. त्यामुळे गुळाची पूर्ण मात्रा येथेही द्यावीच लागेल, आणि युरिया वगळावा लागेल.