सड्यावरचा हत्ती आणि पडद्यावरचा निवेदक

रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवरील कातळशिल्पे आता घरबसल्या चित्रफितींतून पाहता येतात, ही आनंदाचीच गोष्ट होय. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी! जवळ उभे राहावे तर नुसत्या रेषा. आकाशातून पाहावे तेव्हा कुठे हत्ती प्रकटतो. हे यश कॅमेऱ्याचे. आमची तक्रार आहे ती संहितेविषयी.

निवेदक पहिल्याच वाक्यात या चित्रांचे वय ठणकावून सांगतो. वस्तुतः उघड्या कातळातल्या रेषेचे वय थेट मोजणे फार अवघड. कोरलेले प्राणी, शैली, परिसरातली दगडी हत्यारे यांवरून अदमास बांधावा लागतो. आज कोकणात नसलेला गेंडा सड्यावर आहे, हा पुरावा. त्यावरून काढलेला काळ, हे अनुमान. या दोहोंमधला बांध राखणे हेच संहिता तपासणाऱ्याचे काम. ‘असावे’ खोडून ‘आहे’ लिहिले की वाक्य झोकदार होते खरे, पण विश्वास गमावते.

२०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू आदी स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यामागे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदींची गावोगावची पायपीट आणि ग्रामस्थांची साथ आहे. खरी रंजक कथा तीच. तिला मात्र फितीत ओझरता उल्लेख!

मुलांसह या फिती जरूर पाहाव्यात. फक्त मधूनमधून ‘हे कशावरून?’ एवढे विचारण्याची सवय त्यांना लावावी.