उशीर तोच, भरपाई मात्र एकालाच

पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला विचारतात, "गुंतवणूक कायद्यावर विषय घ्यायचाय, व्हाईट इंडस्ट्रीजचा निवाडा घेऊ का?" जरूर घ्या. पण तो जसा शिकवला जातो तसाच घेऊ नका. का, ते सांगते.

आधी थोडक्यात हकीकत. व्हाईट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी करार केला. काम होतं पिपरवारच्या कोळसा खाणीचं. ही खाण आता झारखंडमध्ये येते. बोनस आणि दंडावरून वाद झाला. २००२ मध्ये लवादाने कंपनीला सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा निवाडा दिला. तो रद्द करून घ्यायला कोल इंडिया कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, तर कंपनी अंमलबजावणीसाठी दिल्लीत. मग अपील, मग सर्वोच्च न्यायालय, तिथून मोठ्या खंडपीठाकडे. कित्येक वर्षं गेली तरी पैसे नाहीतच. शेवटी कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली थेट भारत सरकारवर दावा लावला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये जिंकली.

आता निवाड्याची मांडणी बघा. न्यायाधिकरणाने एकच उशीर दोन कसोट्यांवर घासला. पहिली कसोटी: न्याय नाकारला गेला का? उत्तर, नाही, विकसनशील देश, प्रचंड लोकसंख्या, न्यायालयांवर अतोनात ताण. दुसरी: दाद मागण्याचं परिणामकारक साधन मिळालं का? उत्तर, तेही नाही, म्हणून भारत दोषी. गंमत म्हणजे हे दुसरं वचन ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच. ते भारत-कुवेत करारात होतं आणि 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' कलमाचा आधार घेऊन तिथून उसनं आणलं.

या निवाड्यावर मी जे वाचलं, त्यातलं बरंचसं या उसनवारीभोवती फिरतं. प्रश्न महत्त्वाचा आहे, नाही असं नाही. पण त्यात एक गोष्ट हातातून निसटते. त्याच न्यायालयांत, त्याच रांगेत आणखी कोण उभं होतं? न्यायाधिकरण हे विचारू शकत नव्हतं, कारण करार फक्त परदेशी गुंतवणूकदाराला हक्क देतो. संशोधकाला मात्र अशी सबब नाही.

माझ्या मामांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. एका मोठ्या कंपनीकडे त्यांचं बिल चौदा महिने अडकलं होतं. मी उत्साहाने त्यांना २००६ चा एमएसएमई विकास कायदा समजावला. खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, निकाल ९० दिवसांत. आणि निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. कागदावर हे संरक्षण व्हाईट इंडस्ट्रीजला मिळालं त्यापेक्षा कितीतरी कडक आहे! मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, केस जिंकेन मी. पण पुढची ऑर्डर कोण देणार?"

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. व्हाईट इंडस्ट्रीजने दावा लावला तेव्हा कोल इंडियाशी तिचा व्यवहार संपलेला होता. गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. छोट्या पुरवठादाराला मात्र चालू संबंधातच तक्रार करावी लागते. त्यामुळे दोन कायद्यांमधली कलमं शेजारी शेजारी ठेवून 'कोणाला जास्त संरक्षण' ठरवणारा चॅप्टर लिहिलात, तर उत्तर हमखास उलटं येईल. हक्क काय आहे एवढं पाहून भागत नाही. तो वापरायची किंमत किती, हेही मोजावं लागतं.

सरकारने धडा घेतला नाही का? घेतला. डिसेंबर २०१५ च्या नमुना गुंतवणूक करारातून ते 'मोस्ट फेव्हर्ड नेशन' कलमच गाळलं आणि गुंतवणूकदाराने आधी किमान पाच वर्षं भारतीय न्यायालयांत दाद मागावी, अशी अट घातली. म्हणजे परदेशी कंपनीलाही त्याच रांगेत उभं केलं. रांग लवकर सरकावी म्हणून २०१५ मध्येच कमर्शियल कोर्ट कायदा आला. पण त्यात दाव्याची किमान रक्कम होती एक कोटी! ती तीन लाखांवर आली २०१८ मध्ये. तोवर मामांसारख्यांची बिलं त्या दारातून आत जाणंच अवघड होतं.

याउलट २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेलं कलम ४३ब(ह) बघा, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. इथे पुरवठादाराला तक्रारच करावी लागत नाही. पालनाचा भार खरेदीदारावर आणि नजर कर खात्याची. अर्थात हेही निर्दोष नाही. मोठे खरेदीदार मध्यम उद्योगांकडे वळतील, अशी भीती तेव्हाच व्यक्त झाली होती. ती खरी ठरली का, हे शोधणं हा चांगला संशोधन प्रश्न आहे. आणि त्यासाठी निवाडे पुरणार नाहीत, वर्कशॉपमध्ये जाऊन बसावं लागेल.

तेव्हा गाईडकडे जाण्याआधी स्वतःला एवढं विचारा: माझ्या विषयात जो कधी कोर्टात गेलाच नाही, तो मला कुठे सापडेल? केस लॉच्या डेटाबेसमध्ये तर तो नक्कीच नसतो.