'तरुण' म्हणजे नेमकं कोण?

मुख्य प्रवाह नाकारणारं संगीत-मासिक बाईकडेही वेगळ्या नजरेनं बघेल, असं आपण गृहीत धरतो. इतिहास तसं सांगत नाही. 'रोलिंग स्टोन' १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालं, बंडखोर तरुणांचं नियतकालिक म्हणून. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्यांनी मुलींवर खास अंक काढला. विषय काय, तर बँडच्या मागे फिरणाऱ्या 'ग्रुपी'! म्हणजे वाजवणारा पुरुष, भाळणारी बाई. सिमोन द बोव्हारनं १९४९ मध्येच दाखवलं होतं की पुरुष कर्ता ठरतो आणि स्त्री 'इतर'. या बंडानं ती रचना मोडली नाही, फक्त केस वाढवले.

आपल्याकडे १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं, २००८ मध्ये मुंबईहून 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती. एरवी कुणी विचारलं नसतं अशा बँडना तिथं जागा मिळाली, हे मोलाचंच. पण इंग्रजी आणि गिटार, एवढ्यावरच 'पर्यायी' संगीत संपतं का? आपल्या शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. मोबाइलवर त्यांना ऐकणारी पोरं-पोरी काय तरुण नाहीत?

तेव्हा अशा मासिकात बायकांचे फोटो किती, एवढंच मोजू नका. प्रश्न कोणते विचारलेत ते बघा. त्याला सुरांबद्दल आणि तिला घराबद्दल विचारलं असेल, तर मुखपृष्ठावर येऊनही ती 'इतर'च राहिली.