टीका मुळाच्या जागी : ‘क्रिस्तपुराणा’विषयी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची (१६१६) मराठी समीक्षेने घेतलेली दखल बहुतांशी दोन गोष्टींपुरती राहिली : त्यातील मराठीची स्तुती आणि त्याची भाषा. सुमारे अकरा हजार ओव्यांची ही रचना बायबलच्या भाष्यपरंपरेत कोठे बसते, हा प्रश्न मात्र मागे पडला. ‘बायबलचे मराठी रूपांतर’ हे तिचे सर्रास केले जाणारे वर्णन दिशाभूल करणारे आहे.

पहिल्या पुराणातील सृष्ट्युत्पत्तीचा भाग पाहावा. तेथे देवदूतांची निर्मिती, लुसिफेरचे बंड आणि त्याचे पतन यांचे सविस्तर कथन येते. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात यांपैकी काहीही नाही, हव्वेला भुलवणाऱ्या सर्पाला तेथे सैतानही म्हटलेले नाही. ‘प्रकाश होवो’ या वचनात देवदूतांची निर्मिती आणि प्रकाश-अंधाराच्या विभागणीत त्यांच्यातील फूट वाचली ती हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने, आणि मध्ययुगीन भाष्यकारांनी हे वाचन रूढ केले. म्हणजे मराठी श्रोत्याने ‘बायबलची कथा’ म्हणून जे ऐकले, त्याचा मोठा भाग एका बिशपची टीका होती.

टीका आणि मूळ यांचे अंतर मध्ययुगीन युरोपला अपरिचित नव्हते. पुढे पॅरिसचा बिशप झालेला पीटर लोम्बार्ड (मृत्यू ११६०) याने स्तोत्रांवर आणि पौलाच्या पत्रांवर लिहिलेल्या भाष्यांच्या हस्तलिखितांत पवित्र वचन मोठ्या अक्षरात व भाष्य लहान अक्षरात लिहिण्याची पद्धत होती. आपल्याकडील त्रिपाठी पोथीत मूळ मध्यभागी आणि टीका वर-खाली असते, तसाच हा विवेक. कोणाचे वचन कोणते, हे डोळ्यांना दिसत असे. स्टीफन्सच्या ओवीबद्ध कथनात ही सीमारेषाच पुसली जाते. त्याच्या थोडे आधी, १५७३ मध्ये, पूर्ण झालेले एकनाथांचे भागवत एकादश स्कंधाच्या श्लोकामागून श्लोक घेत चालते. स्टीफन्सने ओवी स्वीकारली, टीकेची ही रीत स्वीकारली नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. ‘ज्ञानेश्वरी’ ऐकणाऱ्या बहुसंख्य स्त्री-शूद्रांना तरी संस्कृत गीता कोठे खुली होती? त्यांच्याही दृष्टीने टीका हेच मूळ होते. हे मान्य करावे लागते. तथापि ज्ञानदेवांचा निवेदक आपण गीतार्थ सांगत आहोत याची जाणीव श्रोत्यांना पुनःपुन्हा देतो. आपल्या बोलण्यामागे दुसरा एक ग्रंथ उभा आहे, हे तो लपू देत नाही. शिवाय तो ग्रंथ त्याच समाजातील कोणाच्या तरी घरी होता. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्याच्या शेजारी लॅटिन बायबल वाचणारा होता तो पाद्रीच. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लॅटिन पाठच प्रमाण ठरवला होता. मराठीत नवा करार छापून निघाला तो १८११ मध्ये श्रीरामपूरला, तोही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांकडून. जवळजवळ दोन शतके टीकेने मुळाची जागा अडवून ठेवली. हे स्टीफन्सच्या काव्यगुणांना कमीपणा आणणारे नाही. उलट त्याच्या कथनातील विलक्षण अखंडता याच मोकळिकीतून आली असावी.

ही अखंडता भंगते ती श्रोता प्रश्न विचारतो तेव्हा. ‘क्रिस्तपुराणा’त प्रश्न येताच कथा थांबते आणि पाद्री अर्थ सांगू लागतो, टीका टीकेच्या रूपात दिसते ती बहुधा येथेच. म्हणून या ग्रंथाच्या अभ्यासकाने वर्णनांपेक्षा प्रश्नांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. रचनेचा आरंभही प्रश्नानेच होतो. पूर्वीची पुराणे निषिद्ध ठरल्यावर आम्ही वाचावे काय, असे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो. तो मागतो ते दुसरे पुराण. ज्या ग्रंथातून हे सारे सांगितले जात आहे, तो ग्रंथ तो मागत नाही, आणि पाद्रीही ते नाव पुढे करीत नाही.