सुडाचा हिशेब : ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतील फसवणूक, प्रतिशोध आणि श्रम

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका हा मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने न घेतलेला कथनप्रकार आहे. नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांच्या समीक्षेची परंपरा आपल्याकडे दीर्घ आहे. परंतु रोज रात्री जेवणाच्या ताटासमोर जे कथन ऐकले-पाहिले जाते, त्याची दखल बहुधा वृत्तपत्रांच्या मनोरंजन पुरवणीपुरती मर्यादित राहते. हजार-दीड हजार भागांची संहिता एका व्यक्तीच्या वाचनकक्षेत मावत नाही, तिचा लेखक निश्चित सांगता येत नाही, आणि मुख्य म्हणजे ती ‘बायकांसाठी’ असते असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात झी मराठी वाहिनीवर ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ या काळात प्रसारित झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेचा विचार केला आहे. फसवणूक आणि सूड हा तिचा उघड विषय. या सुडाला मालिकेने कोणते रूप दिले आणि ते देताना काय नजरेआड केले, एवढ्याच प्रश्नापुरते हे विवेचन मर्यादित आहे.

विश्वासघात झालेली पत्नी ही मराठी मालिकेच्या जन्मापासूनची नायिका आहे. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी आलेल्या ‘आभाळमाया’मधील सुधा जोशी (सुकन्या कुलकर्णी) पतीच्या दुसऱ्या संबंधाला सामोरी गेली. स्नेहलता दसनूरकर यांच्या लेखनावर आधारलेली ‘अवंतिका’ (२००२-२००५) ही मालिका याच विषयाभोवती फिरते. मृणाल कुलकर्णी यांनी साकारलेली तिची नायिका संयमाने स्वतःच्या पायावर उभी राहते. ई-टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ (२००१-२०१३) तीन हजारांहून अधिक भाग चालली आणि तिने श्रीमंत घराण्यातील कारस्थानांना मराठी वळण दिले. ‘असंभव’ने (२००७-२००९) तर सुडाला पुनर्जन्माचा आधार दिला. पैकी पहिल्या दोन मालिकांतील नायिका सूड घेत नाहीत. त्या दुखावतात, विचार करतात, निर्णय घेतात. सुडाची भाषा खलनायिकेची असते, नायिकेची नव्हे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ने ही वाटणी मोडली, आणि म्हणूनच ती विचारात घेण्याजोगी आहे.

मालिकेचे शीर्षकच आधी पाहावे. तीन शब्दांच्या या नावात बोलणारी स्त्री केवळ षष्ठीत, ‘माझ्या’ या रूपात उरली आहे. कर्तेपण कोणाचेच नाही. ज्या स्त्रीने तिचा संसार विस्कटला तिचे नाव ती घेत नाही, तिला शिवीही देत नाही. नात्यानेच तिचा उल्लेख करते, आणि ते नाते नवऱ्यामार्फतच मोजते. शिवाय ‘बायको’ हा शब्द ती स्वतःला लावत नाही, दुसरीला लावते. या विनोदात केवढा पराभव आहे! मालिकेचे सारे कथानक म्हणजे ‘माझ्या’ या षष्ठीतून ‘मी’ या प्रथमेपर्यंत जाण्याचा प्रवास, असे म्हणता येईल.

कथानक परिचित आहे. नागपूरकडची, वैदर्भी वळणाची मराठी बोलणारी राधिका (अनिता दाते) नवऱ्यासाठी, मुलासाठी राबते. पती गुरुनाथ सुभेदार (अभिजीत खांडकेकर) कचेरीतील शनाया या तरुणीत गुंततो. राधिकेला ते कळते. अपमान, विनवणी, संशय, पुरावा हे टप्पे होतात. आणि मग ती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करते. तो वाढत वाढत तीनशे कोटींच्या कंपनीपर्यंत पोहोचतो. घटस्फोट होतो, सौमित्राशी तिचा पुनर्विवाह होतो, गुरुनाथ पुनःपुन्हा उघडा पडतो आणि पुनःपुन्हा सावरतो. शेवटाकडे तर शनायाही फसवली गेलेली ठरून राधिकेच्या बाजूला येते.

खलनायिकेविषयी टॅनिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये अमेरिकन मालिकांच्या संदर्भात मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते, प्रेक्षक स्त्री खलनायिकेचा तिरस्कार करते, पण तिची कृतिशीलता तिला हवीहवीशीही वाटते. स्वतःच्या अगतिकतेवरचा जो राग गृहिणीला व्यक्त करता येत नाही, तो खलनायिका तिच्या वतीने वागून दाखवते. ‘डायनेस्टी’सारख्या (१९८१-१९८९) झगमगीत अमेरिकन मालिकेतील ॲलेक्सिस असो वा ‘कसौटी जिंदगी की’मधील कोमोलिका, दागिने, वस्त्रे आणि कारस्थान यांचे साहचर्य सर्वत्र आढळते. झगमगाट वाईट बाईकडे, साधेपणा चांगलीकडे. शनायाही याच साच्यातून घडली. तिचे कपडे, तिचे इंग्रजीमिश्रित लाडिक बोलणे, खर्चाची हौस हे सारे राधिकेच्या साडी-डब्यासमोर ठेवले गेले. रसिका सुनीलने ही भूमिका लोकप्रिय केली, मध्यंतरी ती ईशा केसकरने केली, पुढे रसिका सुनील परत आली. चेहरा बदलला तरी प्रेक्षकांचे फारसे अडले नाही, याचा अर्थ शनाया ही व्यक्ती नसून एक जागा होती.

परंतु मधल्या टप्प्यावर एक अदलाबदल होते. झगमगाट हळूहळू राधिकेकडे सरकतो. मोठी कचेरी, काचेची केबिन, ‘मॅडम’ हे संबोधन. बोली मात्र तीच राहते. ही बोली म्हणजे तिच्या निरागसतेचे प्रमाणपत्रच आहे. पैसा आला तरी बाई बदललेली नाही, याची ग्वाही प्रत्येक वाक्यागणिक मिळते. नायिकेला सूड घेण्याचा परवाना मालिकेने दिला तो या अटीवर. तिने कपटाने नव्हे, कष्टाने सूड घ्यावा. नवऱ्याला विष न देता मोठी कंपनी काढून त्याला खुजे करावे. सूड हा अशा रीतीने उद्योजकतेच्या सोज्ज्वळ वेषात घरात शिरतो.

हा मार्ग लेखकांना का सुचला असावा, याचे एक कारण कायद्याच्या मर्यादेत सापडते. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ नुसार व्यभिचार हा गुन्हा होता, परंतु तक्रार करण्याचा अधिकार परस्त्रीच्या पतीला. फसवल्या गेलेल्या पत्नीला तो नव्हताच. मालिका सुरू असतानाच, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे राधिकेसारख्या स्त्रीला फौजदारी कायद्याने आधीही काही दिले नव्हते आणि नंतरही दिले नाही. द्विभार्याप्रतिबंध आहे, मुंबई प्रांतात तो १९४६ मध्येच आला, पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो सर्वत्र झाला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. पण दुसरा विवाह विधिवत झाल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळतो, तो संबंध संपवतो. अपमान मोजत नाही. कायद्याने ही जागा मोकळी सोडली आणि मालिकेने ती ताळेबंदाने भरली.

सूड आणि दौलत यांची सांगड तशी नवी नाही. तळेगाव दाभाडे येथील वाचकाला या ठिकाणी उमाबाई दाभाडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र सेनापती त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावांच्या सैन्याविरुद्ध लढताना पडले. शाहू महाराजांनी समेट घडवला, सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांकडे आले. पण कळीचा मुद्दा उरला तो गुजरातच्या उत्पन्नातील वाट्याचा. पुढे वीस वर्षांनी उमाबाई ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या, दामाजी गायकवाड १७५१ मध्ये पेशव्यांच्या कैदेत पडले आणि दाभाड्यांची सत्ता ओसरली. लोकस्मृतीत ही पुत्रशोकाची आणि सुडाची कथा आहे. इतिहासात ती महसुलाचीही आहे. तेथे हिशेब चुकता झाला नाही. १७५३ मध्ये उमाबाईंचे निधन झाले तेव्हा बाजू हरलेलीच होती. दैनंदिन मालिकेला असा शेवट परवडत नाही. तिला पूर्ण विजयही परवडत नाही, कारण विजय म्हणजे अखेरचा भाग. म्हणून गुरुनाथ हरतो, पण संपत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. राधिकेचे कष्ट मालिकेत दिसतात कोठे? सुरुवातीला दिसतात, स्वयंपाकघर, भाजणे-कुटणे, शेजारणींची मदत. व्यवसाय मोठा होतो तसे ते पडद्यावरून निघून जातात. तळेगावात चैत्र-वैशाखात कांडपाच्या गिरणीबाहेर उभे राहिले तर मसाला म्हणजे काय ते कळते. मिरच्या उन्हात घालणे, देठ खुडणे, धणे-खोबरे-दगडफूल वेगवेगळे भाजणे, आणि मग डंखासमोर नाकाला पदर लावून ठसक्यात उभे राहणे. बचत गटातील ज्या स्त्रिया हे काम विक्रीसाठी करतात, त्यांना अन्नसुरक्षेची नोंदणी, पाकिटाची छपाई, दुकानदाराची उधारी असे अडथळे ओलांडावे लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाची कर्जमर्यादा पन्नास हजार रुपयांची आहे. पन्नास हजार आणि तीनशे कोटी यांच्या मधला रस्ता मालिकेने दाखवलाच नाही. प्रेक्षकांनी त्या तीनशे कोटींची पुष्कळ थट्टा केली. पण थट्टा आकड्याची झाली, वगळलेल्या श्रमाची नव्हे.

या ठिकाणी शंभर वर्षे मागे जाणे उपयुक्त ठरेल. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी त्यातील सिंधू साकारली. सिंधू सूड घेत नाही. तिचे पातिव्रत्य आजच्या वाचकाला अस्वस्थ करते, आणि ते तसे करावेच. परंतु गडकऱ्यांनी तिला जात्यावर बसवले. मोलाने दळण दळणारी, त्यातून मुलाच्या तोंडी घास घालणारी सिंधू प्रेक्षकांनी पाहिली. सोशिक सिंधूचे श्रम रंगमंचावर दिसतात आणि बंडखोर राधिकेचे श्रम पडद्यावरून लुप्त होतात, हा विरोधाभास मला महत्त्वाचा वाटतो. राधिकेला स्वातंत्र्य मिळाले हे खरे. त्याचे मोल कोणाच्या हातांनी चुकवले, हे मात्र सांगितले गेले नाही. कंपनीतल्या कामगार बायकांपैकी एकीचेही नाव, कंपनीचा एवढा बोलबाला होऊनही, आठवत नाही.

तळेगाव-चाकण पट्ट्यातून मालिका पाहताना ही अनुपस्थिती अधिक जाणवते. येथे रात्री आठ ही सर्वांची घरी असण्याची वेळ नाही. दुसऱ्या पाळीला गेलेली स्त्री त्या वेळी यंत्रासमोर असते; सुटल्या भागाची कथा तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून किंवा भ्रमणध्वनीवर मिळते. माझ्या वर्गातील काही विद्यार्थिनींच्या घरी हेच घडत असे. या मुली राधिकेवर मनापासून प्रेम करीत आणि तिच्या कंपनीविषयी मात्र मोठ्या जाणतेपणाने प्रश्न विचारीत : तिथे पाळ्या किती, कायम किती आणि कंत्राटी किती. मालिकेची याहून नेमकी समीक्षा मी कोठे वाचलेली नाही.

डिसेंबर २०२० मध्ये, मालिका अखेरच्या टप्प्यात असताना, तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. २००८ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यातील कामगारांची न्यायालयीन लढाई त्यानंतर दीर्घकाळ चालली. कारखान्याची मालमत्ता जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे गेली. या काळात ज्या घरांतील पगार थांबला, तेथेही संध्याकाळी दूरचित्रवाणी संच सुरूच होता. मालिकेच्या जगात विश्वासघात नेहमी शयनगृहात घडतो आणि बाजारपेठ नेहमी न्याय देते. कष्ट केले की कंपनी उभी राहते, आणि उभी राहिलेली कंपनी संकटात सापडलीच तर कोणा एका दुष्टाच्या कारस्थानाने. उद्योग कारस्थानाविनाही बंद पडतो, आणि तेव्हा सूड उगवायला समोर गुरुनाथ नसतो, ही शक्यता या कथनाच्या व्याकरणातच बसत नाही.

अर्थात एवढ्यावरून मालिकेला निकालात काढणे अन्यायाचे होईल. प्रमाण मराठीच्या मक्तेदारीत वैदर्भी बोलणाऱ्या, मध्यमवयाकडे झुकलेल्या, रूपगर्विता नसलेल्या गृहिणीला साडेचार वर्षे मध्यवर्ती ठेवणे हे लहान काम नव्हते. घटस्फोटित, मुलाची आई असलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह तिने आनंदसोहळा म्हणून दाखवला, आणि सासू-सासरे सुनेच्या बाजूने उभे केले. अनिता दाते यांच्या अभिनयात राग आणि हसू एकाच वेळी चेहऱ्यावर येतात. संहिता जेथे ढिली पडते तेथेही हा चेहरा प्रसंग तोलून धरतो. फसवणूक उघडकीस येण्याचे प्रारंभीचे भाग आजही पाहावेत असे आहेत. त्यांत राधिका अजून कोणी मॅडम नाही. हातात डबा आहे, तो नवऱ्यासाठी भरलेला आहे, आणि तो द्यावा की न द्यावा हे तिचे ठरलेले नाही.