टीसीचं दार

मराठवाड्यातल्या धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड चिणलेले आहेत. दगड देखणे, पण शेजारी काय होतं, वर काय होतं, ते आता कळायला मार्ग नाही. त्याच गावात केदारेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी आपापल्या जागी उभ्या आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे नजर आपसूक सरकते. वर्षानुवर्षं गोठ्यात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेली जुनी स्पोर्ट्स कार पारखताना मला हे गाव हटकून आठवतं. गाडी सुट्या भागांसाठी मोडायची की पुन्हा उभी करायची, हे ठरवण्याआधी तिच्यात काय काय अजून आपल्या जागी आहे ते पाहावं.

एमजी टीसीच घ्या. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा सुमारे १०,००० गाड्या बाहेर पडल्या. सगळ्या उजव्या बाजूने चालवायच्या, अगदी अमेरिकेला गेलेल्यासुद्धा. बघणारा आधी रंगाकडे आणि गंजाकडे जातो. जाणकाराचा हात जातो दाराला. टीसीची दारं मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेली असतात आणि पुढून उघडतात. दार अर्धवट उघडायचं, पुढची कड अलगद वर उचलायची आणि बिजागरीकडे बघायचं. नुसती बिजागरी हलली तर खिळीचं काम आहे. तिच्यासकट मागचा खांबच हलला, तर आतलं लाकूड गेलं. कारण या गाडीचा पत्रा ॲश जातीच्या लाकडी चौकटीवर ठोकलेला आहे. लोखंडी चॅसिसवर सुताराने बांधलेली ही बैठक. मग दार लावून फटीवरून बोट फिरवावं. वरपासून खालपर्यंत फट एकसारखी लागली, तर सुमारे ऐंशी वर्षांनीही सांधे जागचे हललेले नाहीत. मुंबईची खारी हवा पत्रा खाते. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत पत्रा बराच टिकतो, पण वाळवी लाकडात शिरते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचं. भरीव आवाज आला की मला जो आनंद होतो, तो चकचकीत रंगाने कधी होत नाही.

आता डॅशबोर्ड. चालवणाऱ्यासमोर आहे इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी. वेगाची तबकडी चक्क शेजारी बसणाऱ्यासमोर! गाडी वेगापेक्षा इंजिनाच्या तालावर चालवावी, असंच जणू बनवणाऱ्यांचं म्हणणं. पण इंग्लंडमधल्या वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा होती, तेव्हा त्यांनी एक छोटा दिवा दिला. २० मैलांना तो पेटतो आणि ३० ओलांडले की विझतो. पडून राहिलेल्या गाडीत हा दिवा बहुतेकदा नसतो, कुणीतरी काढून नेलेला असतो. असला, तर डॅशबोर्डाला फारसे हात लागलेले नाहीत असं धरायला हरकत नाही. मला या सबंध गाडीत सगळ्यात लाडका भाग हाच.

चॅसिसचा क्रमांक तपासावाच. टीसीचे क्रमांक २५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. एवढ्या लोभाने क्रमांक देणाऱ्या माणसांची गाडी ही.

इंजिन १२५० सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन एसयू कार्ब्युरेटरचं. घाईने हँडल मारायचं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग हाताने हळूहळू फिरवायचं. तोवर बोल्ट बघावेत. त्यांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आणि आटे मात्र मेट्रिक. एमजी ज्या मॉरिसच्या गोटातली, त्या मॉरिसने कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला होता, त्याच्या यंत्रसामग्रीसोबत हे आटे आले. अनाडी मिस्त्री डोक्याच्या मापावरून दुसरा बोल्ट आणतो आणि जबरदस्तीने पिळतो, त्यात ब्लॉकमधले आटे जातात. मूळ बोल्ट जागेवर असतील, तर ही गाडी आजवर समजूतदार हातांत होती.

चॅसिस वाकलेली आणि क्रमांक घासून काढलेला असेल, तर गाडी मोडावी. तिच्या तबकड्या आणि कार्ब्युरेटर दुसऱ्या एखाद्या टीसीला चालती ठेवतील. पण चॅसिस सरळ असेल आणि फक्त लाकूड कुजलं असेल, तर मोडायची घाई नको. कुजलेल्या खांबातही सांध्याचा कोन, खाचेची खोली, खिळ्यांची ओळ शिल्लक असते, आणि सुताराला नेमकं तेवढंच हवं असतं. तुकडा कितीही भुसभुशीत असला, तरी त्यावर खडूने आकडा घालून नवा खांब बसेपर्यंत जपून ठेवावा.