शेवटच्या कंसापुढची टीप

आज एका फार लहान गोष्टीबद्दल बोलायचं आहे. प्रोग्राममध्ये एखादा ब्लॉक संपला की महिरपी कंस बंद होतो. काहीजण त्याच्यापुढे टीप लिहितात: 'इफ संपला', 'व्हाइल संपला'. रॉबर्ट मार्टिन यांनी 'क्लीन कोड' (२००८) या पुस्तकात या सवयीवर टीका केली आहे. त्यांचं म्हणणं, अशी टीप लिहावीशी वाटली तर फंक्शनच छोटं करा.

सल्ला चांगला, पण अपुरा. आपण सत्तराव्या ओळीवर पोचतो तेव्हा पहिली ओळ पडद्यावरून गेलेली असते, आणि समोर एकाखाली एक तीन कंस बंद होतात. कोणता कशाचा? ही अडचण खरी आहे. पोथीत अध्यायाच्या अखेरीस पुष्पिका असते, तीही वाचणाऱ्याला हेच सांगते, की काय संपलं. शिवाय अख्ख्या फाइलभर पसरलेली नेमस्पेस छोटी कशी करणार? म्हणून गूगलच्या सी प्लस प्लस लेखनसंकेतांत तिच्या अखेरीस टीप लिहायलाच सांगितलं आहे.

मग माझा आक्षेप कशाला? टीप हे एक विधान आहे, आणि विधान खोटं ठरू शकतं. उद्या कुणी वरची अट बदलली आणि खालची टीप तशीच राहिली, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. टिपा तो विचारातच घेत नाही. टीप नसती तर आपण वर जाऊन पाहिलं असतं. आता विश्वास ठेवतो, आणि फसतो.

एडा भाषेत प्रोसीजरच्या 'एंड'पुढे तिचं नाव लिहिता येतं. ते जुळलं नाही तर कंपायलर प्रोग्राम स्वीकारत नाही. जागा तीच, पण इथे लिहिणाऱ्याला जाब विचारला जातो. आल्गोल ६० मध्ये उलट होतं. 'एंड'नंतर अर्धविराम, दुसरा 'एंड' किंवा 'एल्स' येईपर्यंतचा मजकूर टीप मानला जाई. अर्धविराम विसरलात, तर पुढची खरी आज्ञाही गुपचूप टीप होऊन बसे!

आज रस्ट-अ‍ॅनालायझरसारखी साधनं लांब ब्लॉकच्या अखेरीस त्याचं नाव एडिटरमध्ये फिकं दाखवतात. फाइलमध्ये ते नसतंच. कोड बदलला की तेही बदलतं.

तेव्हा वाचणाऱ्याची गरज नाकारू नका. मात्र जे यंत्राला तपासता येतं, ते माणसाच्या स्मरणावर सोडू नका. आणि टीप हातानेच लिहायची असेल, तर वरची अट बदलणाऱ्याने खालची टीप वाचल्याशिवाय उठू नये.